वरच्याचे हात, खालच्याचे हात

४ जानेवारी

प्रिय वरच्या,

घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. इतक्या वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील, म्हणून आधी हे सांगून टाकलं. इथे सगळे धडधाकट आहेत. बायको मजेत आहे, म्हणजे माझ्यावर रोजच्याइतकीच वैतागलेली आहे.

लिहायला कारणं दोन. पहिलं तुला माहीत असणार, कारण मालकीणबाईंचा निरोप तुलाही गेलाय. सर्कस बंद होतेय. एप्रिलमध्ये शेवटचा खेळ आहे आणि जुन्या माणसांनी येऊन आपापलं एकेक काम करून दाखवावं अशी त्यांची इच्छा आहे. फोनवर मला म्हणाल्या, "तुझा भाऊ उत्तरच देत नाही रे. तू एकटा काय करणार? मार्च संपेपर्यंत कळलं नाही तर तुमच्या जागी मी चेंडूवालीला घेते." चेंडूवाली आता आजी झालीय, पण हवेतले चेंडू अजून खाली पडू देत नाही म्हणे.

मला तो खेळ करायचा आहे. आडपडदा न ठेवता सांगतो, फार करायचा आहे. आणि तो तुझ्याशिवाय होत नाही, हीच त्यातली मोठी अडचण.

दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. मी ज्या व्यायामशाळेत यंत्रं दुरुस्त करतो, म्हणजे तारा बदलणं, बाकांचे स्क्रू आवळणं, वंगण घालणं, तिथे एक प्रशिक्षक आहे. त्याचे दंड एवढे मोठे की आम्ही त्याला दंडाधिकारीच म्हणतो. परवा त्याची आणि एका पोहणाऱ्या बाईंची चांगलीच जुंपली. विषय काय, तर दंडाच्या मागचा स्नायू, ट्रायसेप्स, कशाने चांगला तयार होतो. दंडाधिकारी म्हणे, बारबेल, म्हणजे चकत्या लावलेली लोखंडी दांडी. वजन हवं तसं वाढवता येतं, बाकी सगळं पोरखेळ. बाई म्हणे, जोर काढा, दोन दांड्यांवर डिप्स मारा, देवाने एवढं मोठं शरीर दिलंय ते उचला की, वर लोखंड कशाला? दोघं आपापलं घोडं पुढे दामटत होते. मी पान्हा हातात धरून ऐकत उभा, आणि मला एकदम आपलं शेवटचं भांडण आठवलं.

तुला आठवतं? कपडे बदलायच्या खोलीत मी म्हणालो होतो, सगळा भार मी उचलतो आणि टाळ्या तुला. मी नसलो तर तू जमिनीवर. तू टॉवेलने मान पुसलीस आणि म्हणालास, "आणि मी नसलो तर तू नुसता झोपलेला माणूस." त्यानंतर आपण एकत्र खेळ केलेला नाही. आई गेली तेव्हा भेटलो, तेव्हाही आपण हवापाण्याचंच बोललो.

पण आता बघ. मी पाठीवर आडवा, हात सरळ वर. माझ्या तळव्यांवर तुझे तळवे आणि तू वर उलटा उभा. 'एक' म्हटलं की मी कोपरं वाकवून तुला खाली घ्यायचो आणि परत वर ढकलायचो. 'दोन' म्हटलं की मी ताठ राहायचो आणि तू तुझी कोपरं वाकवून स्वतःला खालीवर करायचास. म्हणजे मी करत होतो तो निव्वळ बारबेलचा व्यायाम, फक्त बारबेलच्या जागी तू. आणि तू करत होतास तो स्वतःच्या वजनाचा. खेळ एकच. आणि आपण जुळे. हाडं तीच, रक्त तेच, लहानपणी जेवणसुद्धा एका ताटातलं. जगात कुणाला हा प्रश्न सोडवायचा असेल तर त्याला आपलेच हात लागतील!

तर माझं म्हणणं असं. मी इथे बारबेल करतो, तू तिथे शाळेत पोरांना शिकवतोस तेच कर, जोर आणि डिप्स. आजचं माप टेपने घेऊन कळव. दंडाच्या बरोबर मध्यावर. काही महिन्यांनी बघू कोण कुठे पोचतो ते. तुला काही करायचं नाही, फक्त माप कळवायचं आहे.

वहिनीला नमस्कार.

खालचा

२२ जानेवारी

प्रिय वरच्या,

कार्ड मिळालं. "प्रश्न मूर्खपणाचा आहे. दंड चौतीस सेंटीमीटर." एवढंच. पण प्रश्न मूर्खपणाचा वाटूनही तू टेप शोधायला उठलास, यातच सगळं आलं.

माझा छत्तीस. आधी मिशीवर ताव दिला, मग शंका आली. तू हात सैल सोडून मोजलास की आवळून? मी आवळून मोजला. सैल सोडला तर माझाही चौतीसच भरतो. हे लिहिणार नव्हतो, पण माप चोरायचं तर प्रयोग कशाला करायचा?

आता ऐक, काय झालं ते. मला असा प्रश्न पडला की जोर काढताना माणूस नक्की किती वजन उचलतो. सगळं तर नसणार, पाय जमिनीवर असतात. म्हणून घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवला, त्यावर दोन्ही तळवे टेकले आणि ताठ झालो. बायको काट्याशी उकिडवी बसली आकडा वाचायला. म्हणाली, "या वयात लोक साखर मोजतात, तुम्ही दंड मोजताय." आकडा आला माझ्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश. खाली गेलो तर थोडा चढला. मला इतका आनंद झाला की मी तसाच खाली छातीवर पडलो आणि काटा बरगड्यांत रुतला.

दुसऱ्या दिवशी तेवढंच वजन बारबेलवर चढवलं, बाकावर पाठ टेकली आणि बार हात जवळजवळ धरून उचलला. हात जवळ धरले की छाती मागे पडते आणि ट्रायसेप्सला राबावं लागतं, एवढं दंडाधिकाऱ्याचं खरं आहे. तर दंडांना दोन्ही जवळपास सारखेच लागले. पण जोर काढल्यावर माझं पोट, कंबर, मांड्या सगळं दुखत होतं आणि बारबेलनंतर फक्त हात. लोखंड उचलताना बाकीचं शरीर सुट्टीवर असतं. हे चांगलं की वाईट ते मला अजून ठरवता येत नाही. नुसता ट्रायसेप्स हवा असेल तर चांगलंच म्हणायचं. सगळी शक्ती तिथेच जाते.

बायकोने विचारलं, "भावजी येणार आहेत का एप्रिलमध्ये?" मी म्हटलं, आम्ही सध्या दंडाबद्दल बोलतोय.

तुझ्याकडून उलट तपासणी हवी. बारबेलवर मी दर आठवड्याला छोटीशी चकती वाढवतो. तुझं वजन तर तेवढंच राहणार. मग तुझा व्यायाम वाढतो कसा? जास्त जेवून?

खालचा

१८ फेब्रुवारी

प्रिय वरच्या,

"पाय बाकावर ठेवायचे. हात जवळ आणायचे. मग कळतं वजन वाढतं का ते. कोपर कसं आहे?" या कार्डाचे मी दोन भाग केले. पहिला भाग करून पाहिला आणि दुसऱ्याचं, म्हणजे माझ्या जुन्या दुखऱ्या कोपराचं, उत्तर देत नाही.

पाय बाकावर ठेवून, दोन्ही अंगठे एकमेकांना चिकटवून जोर काढला. अरे बाप रे. लोखंडाला मी उगाच डोक्यावर बसवलं होतं. एक चकती न लावता तू वजन वाढवलंस, आणि तेही पत्रातून. त्यावर दंडाधिकारी म्हणाला, "ठीक आहे, पण मधली पायरी कुठे आहे? साध्या जोरातून एकदम यावर उडी. बारबेलवर तुम्ही बोटभर चकतीसुद्धा वाढवू शकता." तेही खरंच. एखाद्याला साधा जोरही निघत नसेल तर शरीर त्याला म्हणत नाही, की थांब, आज थोडा हलका होतो. बारबेल म्हणतो. नुसती दांडी उचल म्हणतो. मग मी पोहणाऱ्या बाईंकडे गेलो तर त्या म्हणाल्या, "भिंतीला हात टेकून जोर काढा की. मग टेबलाला, मग खुर्चीला. पायऱ्या आहेत, तुम्हाला दिसत नाहीत." आता मी दोघांमध्ये चेंडूसारखा ये-जा करतोय आणि दोघंही मला बघितलं की तोंड फिरवतात.

त्यानंतर मी डिप्स करायला गेलो. मुद्दाम दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर. दोन समांतर दांड्यांवर हात टेकले, पाय उचलले आणि कोपरं वाकवली. वाकवली खरी, पण परत सरळ होईनात. खांदे कानांना जाऊन भिडले. पूर्ण वजन, वरच्या, पूर्ण! दोन-तृतीयांश वगैरे काही नाही. मी तिथे ओल्या कपड्यासारखा लटकत होतो आणि माझ्या मनात काय आलं सांगू? बारबेल उचलवला नाही तर बाजूच्या खुंट्यांवर ठेवता येतो. स्वतःला कुठे ठेवणार? तू हे उलटा उभा राहून करायचास, माझ्या हातांवर, आणि माझे हात काही जमिनीत पुरलेल्या दांड्या नव्हेत. हे मला आधी सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं.

बरं, कोपर. सांगतो. एक व्यायाम आहे, आडवं पडायचं, बार कपाळाजवळ आणायचा आणि दंड न हलवता फक्त कोपरातून हात सरळ करायचा. नाव स्कल क्रशर, म्हणजे कवटीफोड. हात सुटला तर काय होईल ते नावातच आहे. ट्रायसेप्स असा तापतो की दुसरं काही सुचत नाही. पण माझं उजवं कोपर आठवडाभर ठणकतंय, चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने धरतो. दंडाधिकारी म्हणाला वजन कमी करा. बायको म्हणाली अक्कल वाढवा. मी सध्या दोन्ही करून बघतोय.

आता तुझी पाळी. मी तुझं करून पाहिलं, तू माझं कर. शाळेच्या अडगळीत एखादा बार नक्की पडलेला असेल. बाकावर आडवा हो आणि उचल. हलका घे. मग लिही, अगदी मनापासून, कसं वाटलं.

मार्च जवळ येतोय एवढंच म्हणतो.

खालचा

९ मार्च

प्रिय वरच्या,

तुझं एवढं मोठं कार्ड आजवर मला आलं नव्हतं. दोन्ही बाजू भरल्यास. बायकोला वाचून दाखवलं आणि मग मी गच्चीवर जाऊन बसलो.

म्हणजे तुझा खांदा गेली चार वर्षं दुखतोय. हात डोक्याच्या वर नेला की कळ येते. उलटं उभं राहणं कधीच बंद झालंय आणि पोरांना तू तोंडानेच शिकवतोस. मालकीणबाईंना म्हणूनच उत्तर दिलं नाहीस. मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून गप्प आहेस. रागावलेला आहेसच, पण हे त्याच्या वर होतं तर.

मला वाईट वाटलं. दोन कारणांनी, आणि दुसरं ऐकून तू मला शिव्या घालशील. पहिलं, तुला दुखतंय आणि मला कुणी सांगितलंही नाही. दुसरं, आपला खेळ आता होणार नाही. मी गच्चीवर बसून रडलोबिडलो नाही, पण खाली यायला उशीर केला.

मग कार्ड पुन्हा वाचलं. तू शेवटी लिहिलंयस: "तुझा बार उचलून पाहिला. मजा नाही आली. लोखंड बोलत नाही, नुसतं अंगावर येतं. पण आडवं पडून खांदा दुखला नाही, हे नवल."

वरच्या, तू हे नवल म्हणून सोडून दिलंस? अरे, सगळं त्यातच आहे! हात डोक्याच्या वर नेला की दुखतं. आडवं पडून छातीसमोर सरळ केला की दुखत नाही. मग तू वर कशाला जातोस? तू खाली झोप.

मी वर येतो. घाई करू नकोस, हसून घे आधी.

उलटा उभा राहणार नाही, तेवढं शहाणपण आहे मला. आपण खेळाआधी अंग गरम करायला 'दुहेरी' करायचो, ते आठवतं? खालचा पाठीवर आडवा, हात वर. वरचा जोर काढायच्या पवित्र्यात, तोंड खाली, पाय पेटीवर, तळव्यांवर तळवे. 'एक'ला खालचा त्याला खाली घेतो आणि वर ढकलतो. 'दोन'ला खालचा ताठ, वरचा आपला जोर काढतो. एवढंच. आपल्या वयाला शोभेल असं. जोर मला निघतो, वजनकाटा साक्षीला आहे. आणि तुला माझं पूर्ण वजन नाही, दोन-तृतीयांशच उचलायचं आहे.

पण आधी डॉक्टरला विचार. उगाच शूरपणा नको. तो नको म्हणाला तर विषय संपला, मी चेंडूवालीला टाळ्या वाजवायला जाईन. हो म्हणाला तर मालकीणबाईंना तू स्वतः कळव. मी मधे पडणार नाही.

खालचा

३१ मार्च

प्रिय वरच्या,

डॉक्टर हो म्हणाला, मालकीणबाईंना तू स्वतः कळवलंस, शनिवारी आलास आणि रविवारी गेलास, तरी घर अजून भरल्यासारखं वाटतंय. बायको म्हणते, "दोघं एका पद्धतीने खोकता, एका पद्धतीने भांडी आपटता, आणि म्हणे बोलत नव्हते." वाढताना ती दोनदा मी समजून तुझ्यावर ओरडली.

तालमीत जे झालं त्याचा मी तेव्हापासून विचार करतोय. तू गाडी गाठायच्या घाईत होतास, म्हणून लिहितो.

आपण तंबूत सतरंजी टाकली. तू खाली, मी वर. मी 'एक' म्हटलं. आपली छाती जवळ आली, परत लांब गेली. 'दोन' म्हटलं, पुन्हा तेच. मला वाटलं, वा, पहिल्याच फटक्यात जमलं! तुलाही वाटलं, तुझा चेहरा मला दिसत होता. आणि बाजूला खुर्ची टाकून बसलेल्या मालकीणबाई हसून हसून खोकायला लागल्या. "अरे गाढवांनो," म्हणाल्या, "जागा बदलल्यात, कामं कुठे बदललीत?"

'एक' म्हटल्यावर वाकायचं होतं तुझ्या कोपरांनी, खालच्याच्या. पण माझी कोपरं आयुष्यभर 'एक'ला वाकत आलेली. ती वर जाऊनही वाकली. आणि तुझी आयुष्यभर 'एक'ला ताठ राहिलेली, ती खाली येऊनही ताठ राहिली. 'दोन'ला उलट. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळला नसता. मालकीणबाईंना कळला कारण त्यांनी आपल्याला शिकवलंय.

मग आपण ठरवून केलं. 'एक' म्हटलं आणि मी मुद्दाम ताठ राहिलो, आणि तू खालून वाकलास. वरच्या, मी तुला विचारतो, हे तू कसं करत होतास? माझ्या हाताखालची जमीन खाली जात होती आणि मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं न हलता राहायचं होतं. माझे दंड असे थरथरले की तू खालून म्हणालास, "अरे, पीठ चाळतोयस का?" मला आजवर वाटायचं की 'एक'ला काम माझं आणि तू वर आराम करतोस. तू त्या वेळेला कोपरं ताठ धरून ठेवत होतास, उलटा, माझ्या वेड्यावाकड्या हातांवर. तोही ट्रायसेप्सच ना? हात सरळ करणारा तोच आणि सरळ ठेवणाराही तोच.

दंडाधिकाऱ्याला आणि पोहणाऱ्या बाईंना मी काल एकत्र बसवून हे सांगितलं. दोघं म्हणाले, यात नवीन काय, आम्हाला माहीत होतं. दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. माझं मत आता असं आहे की स्नायूला काय कळतंय, वर लोखंड आहे की भाऊ. त्याला फक्त ओढ कळते. थोडी थोडी ताकद वाढवायची असेल, दुखरा सांधा सांभाळायचा असेल, तर बार बरा. तू त्यावरच खाली झोपायला शिकलास. आणि ताकद अंगात मुरवायची असेल, तोल शिकायचा असेल, तर स्वतःचं वजन बरं. मी त्यावर शिकतोय. दंडाची मापं मी पुन्हा घेतलेली नाहीत. तू घेतलीस का?

तर सरावाला हे कर. बार छातीवरून सावकाश खाली घे, त्याहून सावकाश वर ने. मी इथे पाय पेटीवर ठेवून ताठ राहण्याचा सराव करतो. बायको वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचते, तिचं वाचून होईपर्यंत मी हलायचं नाही. ती मुद्दाम जाहिरातीसुद्धा वाचते.

कोपर बरं आहे. तू विचारलं नव्हतंस, पण तू विचारणार होतास.

खालचा

२१ एप्रिल

प्रिय वरच्या,

खेळ झाला आणि तू अंगावरचा घाम पुसून लगेच निघालास, कारण शाळेच्या परीक्षा. मी काही म्हटलं नाही. पण एक गोष्ट विचारायची राहिली आणि ती मला आठवडाभर टोचतेय.

तू खाली होतास, म्हणून माझ्या बाजूने काय झालं ते आधी सांगतो. मी तळवे टेकले तेव्हा तुझे हात गार होते. मालकीणबाई कडेला कनातीला धरून उभ्या होत्या. दिवे इतके प्रखर की लोक दिसतच नव्हते, नुसता अंधार. मला वाटलं होतं वर गेलो की सगळं दिसेल. दिसलास फक्त तू. तुझ्या नाकपुड्या फुगलेल्या, खालचा ओठ दातात धरलेला. मी आरशात असा कधी दिसलो नसेन, पण मी तसाच दिसत असणार.

तू 'एक' म्हणालास. आणि मी हललो नाही. वरच्या, मी हललो नाही! तू मला खाली घेतलंस, तुझा श्वास माझ्या तोंडावर आला, मधेच अडकला. मला वाटलं खांदा. मी मनात म्हटलं, सोड रे, सोड, आपण इथेच थांबू. आणि तू मला वर ढकललंस. नंतर 'दोन'ला मी माझा जोर काढला, तुझे हात तसूभरसुद्धा हलले नाहीत. मग तुझा तोल जरा डावीकडे गेला, मी उजवीकडे गेलो, आणि कुणाला काही कळलं नाही.

उतरल्यावर मालकीणबाईंनी माझा कान धरला. डोळे पुसत म्हणाल्या, "एवढा कडकडाट मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता." मी विचारलं, "कधी?" त्यांना वाटलं मी भाव खातोय. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "कधी म्हणजे? तुम्ही वर असताना सगळा तंबू टाळ्या वाजवत होता. माझे हात अजून लाल आहेत, हे बघा."

मला एकही टाळी ऐकू आली नाही. एकही नाही. मी तुझा श्वास ऐकत होतो.

खाली असताना मला सगळ्या ऐकू यायच्या. पाठ जमिनीला टेकलेली असायची, त्यामुळे पाठीलासुद्धा यायच्या. आणि त्या तुझ्यासाठी आहेत हेही कळायचं. त्या टाळ्यांपायी मी तुझ्यावर किती जळलो आहे, ते तुला ठाऊक आहे. आणि आता मी वर जाऊन आलो तर वर काहीच ऐकू येत नाही! म्हणजे तुलाही कधी आल्या नाहीत का? इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी जळत होतो, ते तुझ्यापर्यंत पोचतच नव्हतं का? मग आपण भांडलो कशावरून? तू त्याच दिवशी का नाही सांगितलंस?

यामुळे झोप लागत नाही असं म्हणत नाही, झोप लागते, पण उठल्या उठल्या हेच मनात येतं. खरं काय ते कळव. कार्डावर दोन ओळी चालतील.

खालचा

२९ एप्रिल

खालच्या,

ऐकू यायच्या की. सगळ्या. फार गोड लागायच्या, खोटं कशाला बोलू. भांडलो ते बरोबरच भांडलो.

तुला आल्या नाहीत, कारण तुझी घाबरगुंडी उडाली होती. मलाही पहिलं वर्षभर आल्या नव्हत्या. मीही तुझा श्वासच ऐकायचो. मग तू पाडणार नाहीस याची खात्री पटली, आणि हळूहळू बाहेरचं ऐकू यायला लागलं.

मेमध्ये शाळेला सुट्टी आहे. मी आणि तुझी वहिनी येतो. टाळ्या वाजवायला आपल्या बायकांना बसवू. तू वर जा. तुला ऐकू येईपर्यंत मी खाली आहे.